घरच्या फणसासाठी सॉ मिल घ्यावी का?



मागच्या आठवड्यात एका ताईंनी आपल्या जुन्या घराच्या तुळईचा फोटो टाकला होता आणि विचारलं होतं, एवढं लांब लाकूड त्या काळी चिरलं कसं असेल? मी खाली "सवडीने लिहितो" असं लिहून मोकळा झालो. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की तुळईची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या फणसाची सांगायला हवी, आणि फणसाची सांगायची तर एका मशीनची, जे आम्ही घेतलं नाही. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

16 मे 2021, रविवार. तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत वर सरकत होतं. कोविडची दुसरी लाट जोरात, त्यामुळे सगळे घरातच. मोप्याच्या सड्यावरून खाली उतरणारा वारा आम्हांला नवा नाही, पण त्या सकाळचा वारा वेगळाच होता. आधी मोठी सुतळी ओढून तुटावी तसा आवाज आला, मग जमीन हादरली. परसातला कापा फणस मुळासकट आडवा. माझ्या आजोबांनी लावलेला. घरावर न पडता गोठ्याच्या अंगाला पडला आणि गोठा तेव्हा रिकामा होता, ही देवाची कृपा. आमच्याकडे वीज पाचव्या दिवशी आली. तोवर घरातली सगळी माणसं त्या खोडावर बसून चहा प्यायची.

माझा पुतण्या त्याच वर्षी मस्कतहून कायमचा परत आला होता. हाताला चांगला, मशीनचं वेड लहानपणापासून. त्याने मोबाईलवर मला एक व्हिडिओ दाखवला. रुळांसारखी लोखंडी चौकट, तिच्यावर पुढे-मागे सरकणारं पेट्रोलचं इंजिन आणि आडवी फिरणारी पट्ट्याची करवत. ओंडका चौकटीवर ठेवायचा, मशीन ढकलत न्यायचं, फळी सुटते. गाडीला जोडून कुठेही नेता येतं. अमेरिका, ऑस्ट्रेलियात शेतकरी ही मशीनं घरी ठेवतात, वादळात पडलेलं झाड जागेवरच चिरतात आणि त्याचंच कुंपण, त्याचीच गोशाळा बांधतात. 

"काका, घेवंया. आमचां झाड, आमचां मशीन. वर्साक एक झाड पडलां तरी वसूल," तो म्हणाला.

सगळं धरून साडेचार लाखांचं कोटेशन त्याने आणलं होतं. पैसे त्याचेच, मस्कतच्या बारा वर्षांच्या नोकरीचे. पण घर सामाईक, परस सामाईक, फणसही सामाईक. शिवाय माजघराची मधली तुळई वाळवीने पोखरली होती आणि तिच्या जागी याच फणसाची तुळई घालायची असं घरात बोलणं झालं होतं. म्हणून त्याने मला विचारलं. मी 1972 चा बी.कॉम., डेंपो कॉमर्स कॉलेजचा (तेव्हा आमचा निकाल मुंबई विद्यापीठाचा असायचा), आणि छत्तीस वर्षं बँकेत. मशीनसाठी कर्ज मागायला आलेली माणसं समोर बसवून प्रश्न विचारणं हेच माझं आयुष्य. घरातला मुलगा समोर बसला की ते सोपं नसतं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो.

मी आठ वर्षांचा असेन, म्हणजे 1958 च्या आसपास. पोर्तुगिजांचं राज्य होतं. आमच्या घराची पडवी वाढवायची होती आणि बांधावरचा एक किंदळ तोडला होता. तो चिरायला दोन माणसं आली, डिचोलीच्या बाजूची. वडील सांगायचे की पूर्वी हे करवतवाले सावंतवाडीकडून येत, पण 1955 च्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली. पत्रादेवीला त्या वर्षी 15 ऑगस्टला गोळीबार झाला ते ठिकाण आमच्यापासून काही फार दूर नाही. सीमा बंद झाल्याने नाती तुटली तशी ही माणसंही यायची थांबली, आणि मग डिचोली-सत्तरीकडे माणूस पाठवून बोलवावं लागे.

त्यांनी आधी परसात लाकडांची उंच घोडी उभी केली आणि गावातल्या दहाबारा जणांच्या मदतीने ओंडका त्यावर चढवला. मग सुताला काजळी लावून ते दोन्ही टोकांना ताणून धरलं आणि मधे उचलून सोडलं. टण्ण! लाकडावर सरळ काळी रेघ. हे सूत उडवायला मला एकदा दिलं होतं, त्याचा आनंद अजून आठवतो. मग एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली, आणि मधे पुरुषभर उंचीची करवत. वरचा ओढतो, खालचा खेचतो. खालच्या माणसाच्या डोक्याला फडकं बांधलेलं, डोळे बारीक केलेले, कारण सगळा भुसा त्याच्यावर. दर थोड्या वेळाने करवत काढून कानशीने दात घासायचे. पान खायचं. पुन्हा सुरू. एका किंदळाला त्यांना आठ-नऊ दिवस लागले. जेवण आमच्याकडे, झोपायला गोठ्याची पडवी.

वडिलांना मी विचारलं होतं की आपणच झाड त्यांच्या गावी का नाही पाठवत. ते हसले. "करवत झाडाकडे येता. झाड करवतीकडे वचना."

तेव्हा ताई, तुमच्या तुळईच्या लांबीचं उत्तर हे आहे. लाकूड कुठे न्यायचंच नव्हतं, म्हणून ते तोडून आखूड करायची गरज नव्हती. झाड जेवढं सरळ, तेवढी तुळई लांब. घरं झाडाच्या मापाने बांधली जात.

आपला पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, डिचोली-सत्तरी त्याच्या थोडं आधी. नव्या काबिजादी म्हणतात ते हेच. पुढे त्यांनी रानांचं वेगळं खातंही काढलं, पण सरकारचं लक्ष सत्तरी, सांगे, काणकोणच्या मोठ्या रानांवर. पेडण्यात सरकारी रान थोडंच. इथलं लाकूड म्हणजे बांधावरचं, कुळागरातलं, भरडावरचं, लोकांच्या मालकीचं. त्यामुळे ते चिरायची सोयही घरगुतीच राहिली.

1961 नंतर हे सगळं भराभर बदललं. रस्ते झाले, ट्रक आले, वीज आली, शहरांच्या कडेला सॉ मिली उभ्या राहिल्या. जे काम दोन माणसं आठ दिवस करत ते बँड-सॉ दोन तासांत करू लागली. करवतवाल्यांची पुढची पिढी खाणीवर गेली. डिचोलीत तर खाणीवर रोज मिळणारा पगार सोडून डोळ्यांत भुसा कोण घेणार? आता झाड करवतीकडे जाऊ लागलं. आणि झाड रस्त्यावर आलं की त्याच्यामागे कागद आला. तोडायला परवानगी, वाहतुकीला पास. 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आल्यावर स्वतःच्या परसातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. माड झाड आहे की नाही यावरही आपल्याकडे रणकंदन झालं, 2016 मध्ये तो कायद्याच्या व्याख्येतून काढला आणि 2017 मध्ये राज्यवृक्ष म्हणून परत आणला. हसण्यासारखं वाटतं, पण ज्यांच्या शेजारी माडांची बाग आणि बिल्डर दोन्ही होते त्यांना हसू आलं नसेल.

इथे मला माझी एक जुनी फाईल उघडली पाहिजे. घरीसुद्धा ती पूर्ण कधी सांगितली नव्हती.

1995 साली मी डिचोली तालुक्यातल्या एका शाखेत होतो. एक गृहस्थ आले, चाळिशीचे, स्वच्छ व्यवहाराचे. परवाना असलेली एक जुनी सॉ मिल त्यांना विकत घ्यायची होती आणि तीत नवी बँड-सॉ बसवायची होती. मी प्रपोजल तयार केलं. मशीनची किंमत, घसारा, विजेचा खर्च, मजुरी, बांधकामांची वाढती मागणी, ब्रेक-इव्हन, सगळं. खासगी जमिनीतून किती ओंडके येतात हे त्या मिलच्या मागच्या तीन वर्षांच्या वह्यांतून काढलं आणि पुढची सात वर्षं तेवढेच येतील असं धरलं. माझ्या शिफारशीवर कर्ज मंजूर झालं. मला त्या प्रपोजलचा अभिमान होता. वरच्या साहेबांनी ते दुसऱ्या शाखेला नमुना म्हणून पाठवलं होतं.

12 डिसेंबर 1996 ला सुप्रीम कोर्टाचा गोदावर्मन खटल्यातला आदेश आला. खटला तमिळनाडूतल्या गुडलूरचा, पण आदेश साऱ्या देशाला. मुख्य गोष्ट ही की 'वन' म्हणजे फक्त सरकारी वन नव्हे. शब्दकोशातल्या अर्थाने जे जे वन, ते ते वन, मालकी कुणाचीही असो. मंजूर आराखड्याशिवाय तोड बंद. गोव्यात मग खासगी वनं ओळखायला 1997 मध्ये सावंत समिती नेमली गेली, 2000 मध्ये कारापूरकर समिती. आपली बागायत वन ठरते की काय, या भीतीत लोक वर्षानुवर्षं राहिले. ऑक्टोबर 2002 मध्ये कोर्टाने आणखी एक आदेश दिला, की केंद्रीय उच्चाधिकार समितीच्या परवानगीशिवाय कोणत्याही राज्याने नवी सॉ मिल उघडू देऊ नये.

आता माझं मत सांगतो. ते आदेश झाले नसते तर पश्चिम घाटात आज काय उरलं असतं कोण जाणे. आदेश योग्यच होता. पण ज्या गृहस्थांनी माझ्यासमोर सह्या केल्या होत्या, त्यांच्या मिलवर ओंडके येईनासे झाले. मशीन उत्तम, परवाना खरा, गिऱ्हाईक आहे, आणि चिरायला लाकूड नाही. एन.पी.ए. हा शब्द तेव्हा आम्हांला नवाच होता. त्यांचं खातं त्यात गेलं. त्यांनी शेवटी पैसे भरले, पैन् पै भरली, पण वडिलोपार्जित काजूची बाग विकून. खातं बंद करायला आले तेव्हा माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि "तुमचा काय दोष" म्हणाले. मी मान हलवली. दोष होता. मागची तीन वर्षं बघून पुढची सात मी लिहिली होती.

तर पुतण्याने कोटेशन समोर ठेवलं तेव्हा मला ती फाईल आठवत होती, आणि त्याला वाटत होतं काका उगाच खडूस होताहेत.

त्याची बाजूही कच्ची नव्हती. पट्ट्याच्या करवतीची चीर दोन-अडीच मिलिमीटरची. चेन-सॉने फळ्या पाडल्या तर आठ-नऊ मिलिमीटर लाकूड भुशात जातं. 300 मिलिमीटर जाडीच्या लाकडातून इंचाच्या फळ्या काढल्या तर चेन-सॉने जेमतेम आठ निघतात, पट्ट्याने दहा. पाचातली एक फळी भुशात घालवायची का, असा त्याचा प्रश्न. मिलमध्येही पट्टाच असतो हे मी सांगितलं. तर म्हणाला, मिलपर्यंत न्यायचं कसं ते बघा.

मी टेप घेऊन परसात गेलो. बुंध्याचा घेर सरासरी 72 इंच, लांबी 9 फूट. त्याच्या वरचा भाग घेर 60 इंच, लांबी 8 फूट. मोठी फांदी 48 इंच घेराची, 10 फूट. लाकडाचं माप काढायची जुनी रीत अशी, की घेराचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले 144. पहिला तुकडा सव्वावीस घनफूट, दुसरा साडेबारा, तिसरा दहा. एकूण पावणेत्रेचाळीस. चिरून हाती यायचं साधारण पंचवीस घनफूट.

पुतण्याने हिशोब केला होता तो असा. पंचवीस घनफूट, हजार-बाराशेच्या भावाने तीस हजार रुपये. म्हणजे पंधरा झाडांत मशीन फिटलं. वर पंचक्रोशीतल्या लोकांची झाडं चिरून मिळतील ते वेगळे.

बँकेत अशी चूक शंभर वेळा पाहिली आहे. लाकूड आपलंच होतं. मशीन घेतलं नाही तरी ते तीस हजारांचं लाकूड आपलंच राहणार होतं. मशीनची कमाई म्हणजे फक्त जे पैसे मशीनमुळे वाचतात ते, म्हणजे मिलची चिराई आणि टेंपो-हमाली. चौकशी केली, दोन्ही मिळून दहा हजारांच्या आसपास. साडेचार लाख भागिले दहा हजार, म्हणजे असले पंचेचाळीस फणस. साडेचार लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला एकतीस हजार पाचशे, म्हणजे नुसतं व्याज निघायला दरवर्षी तीन मोठे फणस पडायला हवेत. आमच्या परसात सत्तर वर्षांत मोजून चार मोठी झाडं पडली आहेत. पट्टे, पेट्रोल, धार लावणं हे मी धरलेलंच नाही.

राहिली लोकांची झाडं चिरून मिळवायची गोष्ट. तिथे कायदा आडवा येतो. वनखात्याच्या लेखी सॉ मिल म्हणजे काही नुसती पत्र्याची शेड नव्हे. इंजिनावर किंवा विजेवर लाकूड चिरायचं यंत्र जिथे चालतं ती जागा म्हणजे सॉ मिल. चाकं लावली म्हणून त्यातून सुटका होते असं मला तरी वाटलं नाही. 2016 पासून लाकूडउद्योगांची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि परवान्याचा निर्णय राज्यस्तरीय समितीकडे आला, पण परवाना लागतोच. विकणारे "घरगुती वापराला काही लागत नाही सर" असं फोनवर सांगतात. मी म्हटलं, तेवढंच लेटरहेडवर लिहून दे. तो फोन परत आला नाही. समूहात कुणी असं मशीन घ्यायच्या विचारात असेल तर आधी वनखात्यात लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

आणि लाकूड तरी किती दिवस येणार? आमच्याच डोक्यावरचं उदाहरण घ्या. मोपा विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीवर सुप्रीम कोर्टात वाद झाला तेव्हा सड्यावरच्या 54 हजारांहून जास्त झाडांचा विषय निघाला. मार्च 2019 मध्ये कोर्टाने मंजुरी स्थगित केली, जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली. पुढे सड्यावरून भरलेले ट्रक उतरत तेव्हा पुतण्या म्हणायचा, बघा काका, केवढं लाकूड. मी म्हणायचो, हे एकदाच उतरतंय. डिचोलीच्या त्या मिलच्या वह्यांत मागची तीन वर्षं अशीच भरलेली होती.

दिवाळीनंतर त्याने स्वतःच कोटेशनचा कागद घडी करून पाकिटात ठेवला. रागावला नाही, पण आठ-दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याची आई, म्हणजे आमच्या वयनी, मला म्हणाल्या, "भावजी, पैसे वाचले ते बरे झाले, पण मुलगा सहा महिने हसत होता तो गप्प झाला." या खर्चासाठी माझ्याकडे कॉलम नव्हता.

मग आम्ही सरळ मार्गाने गेलो. तलाठ्याचा पंचनामा होताच, वनखात्याकडे अर्ज केला, पाहणी झाली, कागद मिळाला. टेंपो परसापर्यंत येईना, वाट अरुंद आणि उताराची. सतरा फुटांचा सोट वळणावरून निघणं शक्यच नव्हतं. चेन-सॉवाल्याने विचारलं, कुठे कापू? पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी नऊ फुटांवर खडूने खूण केली. माझ्या मापाच्या कागदावर तो सोट आधीपासूनच दोन तुकड्यांत लिहिलेला होता, 9 फूट आणि 8 फूट. हिशोब करताना मी मनात तो कापून मोकळा झालो होतो आणि मला ते कळलंही नव्हतं.

माजघराची तुळई सोळा फुटांची आहे.

"काका, तुमचो हिशोब बरोबर," पुतण्या म्हणाला, "पण तुळई गेली." चेन-सॉ सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

लाकूड चिरून आलं. पिवळंधमक, फणसाचंच असतं तसं. इंचाला एक वर्ष या जुन्या नियमाने फळ्या गोठ्यात पट्ट्या घालून रचून ठेवल्या. 2023 मध्ये त्यांचे दोन दरवाजे झाले, देवघराचा चौरंग झाला आणि ओटीवरचा झोपाळा. झोपाळ्याची फळी मस्कतवाल्याने स्वतः रंधली, तीन दिवस घेतले. माजघरात तुळईच्या जागी लोखंडी चॅनेल घातलं आहे. भक्कम आहे, वाळवीची भीती नाही, पण मी जेवायला बसतो तेव्हा वर बघत नाही.

करवतवाल्यांच्या त्या लांब करवती आता कुठे दिसत नाहीत. आमच्याकडचीही भंगारात गेली असावी. पेडणे, डिचोली किंवा पलीकडे सावंतवाडी, दोडामार्गात कुणाच्या माळ्यावर अजून असेल तर कृपया फोटो टाका, शेजारी एखादं माणूस उभं करून, म्हणजे उंची कळेल. आणि ताई, तुमच्या तुळईची लांबी एकदा मोजून सांगा.